हवाबाई आणि फोरकास्ट

हवामान कार्यालयात तिला सगळे तोंडावर बाई म्हणायचे आणि पाठीमागे हवाबाई. तिला ते ठाऊक होतं. "डोक्यात हवा आहे असं तर कुणी म्हणत नाही ना, मग चालेल," म्हणायची.

मी शेजारच्या खोलीत जुन्या नोंदवह्या सांभाळायचो. आमच्या दोन खोल्यांच्या मधे एक लाकडी झडपेची खिडकी होती. त्या खिडकीतून कागद, चहाचे कप आणि गप्पा इकडून तिकडे जात. त्यामुळे पुढं जे सांगतोय त्यातलं बरंचसं मी स्वतः ऐकलेलं आहे, आणि उरलेलं तिनं सांगितलेलं.

बाईचं काम भाषांतराचं. वरच्या मजल्यावरचे शास्त्रज्ञ पहाटेपासून आकडे जुळवत बसत. सव्वासहाला त्यांचं इंग्रजी पत्रक शिपाई खाली आणून बाईच्या टेबलावर ठेवी. पावणेसातच्या आत बाई ते आपल्या भाषेत टाइप करी. मधे कार्बन घालून तीन प्रती. एक रेडिओकडे, एक वर्तमानपत्रांकडे, आणि एक आमच्याच फाटकावरच्या काचेच्या फलकात. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कायम निळी असायची. तिची एक अजब सवय होती. पत्रक हातात असताना ती खिडकीबाहेर कधी बघायची नाही. "बाहेर बघितलं की हात अडखळतो," म्हणायची. "कागदावर स्वच्छ ऊन लिहिलंय आणि बाहेर भलतंच दिसलं तर मी काय करू? माझं काम कागदाचं, आकाशाचं नाही."

इंग्रजी पत्रकाच्या डोक्यावर रोज एकच शब्द असे, फोरकास्ट. बाईनं एकोणीस वर्षं त्याच्या जागी 'अंदाज' लिहिलं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिच्या कधी मनातही आलं नाही.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण लोकांचं हसणं त्याला फार लागायचं. एकदा दाढी करायला गेले असताना दुकानात कुणीतरी आमच्या कार्यालयाला 'अंदाजपंचे खातं' म्हणालं. सगळं दुकान हसलं. न्हाव्याचा वस्तरासुद्धा थांबला म्हणे. साहेब अर्ध्या दाढीनं ऐकत बसले, आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या बाईच्या टेबलापाशी उभे राहिले.

"बाई, अंदाज हा शब्द उद्यापासून बंद."

"मग काय लिहू साहेब?"

"काहीतरी भारदस्त. लोकांना वाटलं पाहिजे की ह्यामागे शास्त्र आहे."

बाईनं कागदावर चारपाच शब्द लिहून दिले. 'भविष्य' वाचून साहेब म्हणाले, हे ज्योतिष्याच्या पाटीवर शोभेल. 'अटकळ' तर अंदाजाहून वाईट. 'पूर्वानुमान' त्यांना आवडलं होतं, पण रेडिओवरच्या निवेदकाची जीभ त्यात दोनदा अडकली. शेवटी त्यांनी 'भाकीत' वर बोट ठेवलं.

"ह्याला वजन आहे," साहेब म्हणाले.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी फलकावर लागलं, 'भाकीत : आकाश निरभ्र, हवा कोरडी.' दुपारी तीनला कुठून कोण जाणे ढग आले आणि अर्धा तास असा पाऊस कोसळला की आमच्याच फाटकात पाणी साचलं.

बुधवारी सकाळी एक माणूस आला. साठीचा, उन्हानं रापलेला, पायजम्यावर गुडघ्यापर्यंत लाल चिखल. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते बाईच्या टेबलावर ठेवलं आणि कागद उलगडला. आत मातीचा एक गोळा होता, एका बाजूनं ढासळलेला.

"हे काय?" बाईनं विचारलं.

"ही काल सकाळपर्यंत वीट होती, ताई."

गावाबाहेर त्याची वीटभट्टी होती. कच्च्या विटा आधी उन्हात वाळवतात, मग भाजतात. मंगळवारी त्याच्या अठरा हजार विटा मैदानात वाळत पडल्या होत्या आणि सगळ्यांचा असा गाळ झाला होता. मी झडप उघडून बघत होतो. वाटलं, आता हा आरडाओरडा करणार. पण तो खुर्ची ओढून बसला आणि अगदी साध्या आवाजात बोलायला लागला.

"मला भरपाई नको. भांडायलाही आलो नाही. मला एवढंच सांगा, तुम्हाला ठाऊक होतं का नव्हतं?"

"काय ठाऊक होतं?"

"पाऊस पडणार नाही हे. तुम्ही पूर्वी अंदाज म्हणून लिहायचात, तेव्हा मी ताडपत्र्या मैदानातच ठेवायचो. अंदाज म्हणजे काय, माणूसच बोलतोय, चुकेलही. मग तुम्ही भाकीत लिहायला लागलात. मी भावाला म्हटलं, आता ह्यांना नक्की कळायला लागलेलं दिसतंय, काहीतरी नवीन यंत्र आणलं असेल. त्याच्या घराचं छप्पर काढलं होतं. ताडपत्र्या त्याला देऊन टाकल्या. भाकीत म्हणजे भाक दिल्यासारखंच की, ताई. दिलेला शब्द."

बाई त्या मातीच्या गोळ्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांत तिच्या टेबलावर टीका आली होती, टिंगल आली होती, पण प्रश्न असा आला नव्हता. 

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "म्हणजे, मला ठाऊक नाही की आम्हाला ठाऊक होतं का."

भट्टीवाल्यानं मान डोलावली, कागद मागून घेतला आणि हाच प्रश्न एका ओळीत लिहून खाली सही केली. लेखी अर्ज आला की पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असा नियम होता. साहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि बाईला बोलावलं. "मूळ इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय होतो त्यावर टिपण लिहा. भाकीत बरोबर असेल तर प्रश्नच मिटला. एक पान पुरे."

बाईला वाटलं, तासाभराचं काम. संध्याकाळी ती घरी जाताना ग्रंथालयात गेली आणि तिथला सगळ्यांत जाड इंग्रजी शब्दकोश उघडून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिनं मला चहा दिला तो बिनसाखरेचा होता, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

"तुम्हाला माहितीय का," ती म्हणाली, "फोरकास्टचा सगळ्यांत जुना अर्थ काय? आधीपासून बेत करणं. मनसुबा रचणं. कट करणं म्हणा ना! पाचसहाशे वर्षांपूर्वी एखादा माणूस फोरकास्ट करतो म्हणजे तो कुणाचा तरी काटा काढायच्या तयारीत असायचा."

"मग हवामानाशी काय संबंध?"

"तेच कळत नाही."

तिसऱ्या दिवशी कळलं ते असं की, पुढे तोच शब्द दूरदृष्टी, शहाणपणानं केलेली तरतूद अशा अर्थानं चालू लागला. म्हणजे कट करणारा तो बदमाश आणि पुढचं बघून धान्य साठवणारा तो शहाणा, दोघं एकाच शब्दात. आणि हवामानाला तो शब्द चिकटला तो फार अलीकडे, शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी. एका आरमारी अधिकाऱ्यानं तो मुद्दाम निवडला होता. त्याचं म्हणणं, ही भविष्यवाणी नव्हे, हे मोजून मापून, गणित करून बनवलेलं मत आहे. मत! बाईनं हा शब्द वहीत दोनदा अधोरेखित केला. मग तिच्या मनात आलं, मत असेल तर ते कुणाचं? वरच्या मजल्यावर पाच जण बसतात. पाचांचं मत एक असतं का? ती वर जाऊन विचारून आली. खाली आली तेव्हा म्हणाली, "मंगळवारी तिघं म्हणाले कोरडं, दोघं म्हणाले पाऊस. आपल्याकडे आलं ते नुसतं कोरडं."

शब्द फोडून बघावा म्हणून तिनं सुरुवातीचा 'फोर' बाजूला काढला आणि नुसता 'कास्ट' शोधला. तिथं तर तिचं डोकंच गरगरलं. फेकणं, जाळं टाकणं, आकडे मांडणं, नाटकातली पात्रं ठरवणं, ओतीव काम करणं, सगळं त्यातच. तिचे यजमान ओतशाळेत कामाला होते. भट्टीतलं वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक डाग. जेवायला बसल्यावर तिनं त्यांनाच विचारलं.

"अहो, तुम्ही ज्याला कास्टिंग म्हणता, त्यात आधी काय ठरलेलं असतं?"

"सगळंच. साचा जसा तसं भांडं. लोखंडाला विचारतंय कोण?"

"म्हणजे ओतायच्या आधीच माहीत असतं काय बाहेर येणार?"

"माहीत असतं म्हणजे काय, तसंच यायला पाहिजे. नाही आलं तर आत हवेचा बुडबुडा राहिलेला असतो." ते थोडं थांबून म्हणाले, "दहातले दोन तसे निघतातच. पण अगं, तू हवामानखात्यात आहेस ना? तुला ओतकाम कशाला?"

"तेच तर मला कळत नाहीये," बाई म्हणाली, आणि तिनं भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

शेवटी ग्रंथालयातल्या म्हाताऱ्या ग्रंथपालांना तिची दया आली. आठवडाभर ही बाई रोज एकच शब्द उघडून कपाळाला हात लावून बसते, हे ते बघत होते. ते जवळ आले आणि म्हणाले, "इंग्रजीच कशाला शोधताय? तुमचा जुना शब्द काय होता?"

"अंदाज."

"तो फारसी. मुळात अर्थ फेकणं. गोलंदाज म्हणजे गोळा फेकणारा, तीरंदाज म्हणजे तीर सोडणारा. तोच अंदाज."

बाई खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली. कास्ट म्हणजे फेकणं, अंदाज म्हणजे फेकणं. जगाच्या दोन टोकांना माणसांनी पुढच्या दिवसाकडे एकच गोष्ट केली होती, काहीतरी फेकून बघितलं होतं. ती एकोणीस वर्षं अगदी बरोबर शब्द लिहीत होती आणि तिला पत्ता नव्हता. त्या संध्याकाळी ती मला रस्त्यात भेटली तेव्हा चेहरा उजळला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उतरलेला.

"काय झालं?"

"विचार करत होते. शब्द बरोबर होता, तर मग लोक हसत का होते? आणि भाकीत चूक होतं, तर लोकांनी विश्वास कसा ठेवला?"

मी काय सांगणार? मी नोंदवह्यांचा माणूस. माझ्याकडे होऊन गेलेला पाऊस असतो.

टिपण अकरा पानांचं झालं. साहेबांनी ते हातात तोललं. "एक पान म्हणालो होतो मी." मग उभ्या उभ्याच वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीला थबकले. "कट रचणे? हे काय आहे?"

"जुना अर्थ आहे साहेब."

"म्हणजे उद्या लोक म्हणतील, ह्यांनी पावसाशी संगनमत केलं!" त्यांनी कपाळ पुसलं. "बरं, शेवटी निष्कर्ष काय? भाकीत बरोबर का चूक?"

"चूक आहे. पण अंदाजही लोकांना कळतो त्या अर्थानं बरोबर नाही. आणि फोरकास्टही तसा..." बाईनं टिपणाची पानं उलटसुलट चाळली. "साहेब, मी सुरू केलं तेव्हा मला ह्यातलं जास्त कळत होतं."

पंधराव्या दिवशी अर्जाला उत्तर गेलं. 'आपला प्रश्न शब्दार्थाविषयी असल्याने तो ह्या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.' ते टाइप बाईलाच करावं लागलं. मला यंत्राचा आवाज ऐकू येत होता. एक ओळ टाइप करायला तिला दहा मिनिटं लागली.

शनिवारी अर्धा दिवस असे. त्या शनिवारी बाई घरी न जाता भट्टीवर गेली. तिनं मला नंतर सांगितलं की, उत्तर पोचायच्या आधी आपण पोचावं असं तिला वाटलं, पण उत्तर आदल्या दिवशीच पोचलं होतं. भट्टीवाल्यानं ते पाकीट विटांच्या थप्पीवर दगडाखाली ठेवलं होतं. मैदानात नव्या विटांच्या रांगा लागल्या होत्या, आणि प्रत्येक रांगेच्या डोक्याशी घडी घातलेली ताडपत्री.

बाईनं त्याला सगळं सांगितलं. कटाचं, आरमारी अधिकाऱ्याचं, ओतशाळेचं, गोलंदाजाचं. तो उकिडवा बसून ऐकत होता. एका अक्षराचाही त्याला उलगडा होत नव्हता हे तिला दिसत होतं, पण तिला थांबता येत नव्हतं.

ती थांबल्यावर तो म्हणाला, "म्हणजे ठाऊक नव्हतं."

"नव्हतं, काका. कुणालाच ठाऊक नसतं. वर बसतात त्यांनाही नाही."

"मग हे कागदावर का लिहीत नाही?"

बाईनं पाकिटावरचा दगड उगाच सरळ केला. त्यानं तिला पाणी आणून दिलं. ती पीत असताना त्यानं एकदम विचारलं, "त्या मंगळवारी तुमचं धुणं कुठं होतं हो?"

"धुणं? गच्चीवर."

"भिजलं?"

"चिंब. ह्यांचे कामाचे दोन्ही जोड भिजले. दुसऱ्या दिवशी ओलेच घालून गेले."

भट्टीवाला हसायला लागला. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "मग झालं तर," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही आतल्या माणसांना खरं सांगता आणि आम्हाला दुसरंच."

गोष्ट इथं मिटायला हवी होती. पण सोमवारी सात वाजता कार्यालयातला फोन वाजला. "ताई, धुणं कुठं आहे आज?"

बाई गोंधळली. हे सांगणं नियमात बसतं का? धुण्याविषयी नियम नव्हता. "गच्चीवर," ती म्हणाली. "बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला. मग आठवड्यातून दोनतीनदा फोन यायला लागला, आणि त्यामुळं बाईचं काहीतरी बिघडलं. कपडे वाळत घालताना ती आकाशाकडे बघायला लागली. कार्यालयात पत्रक टाइप करतानाही नजर खिडकीबाहेर जायची, आणि खरंच हात अडखळायचा. एका सकाळी पत्रकात होतं कोरडं, पण तिला पश्चिमेकडे काळं काहीतरी दिसलं. तिनं यजमानांना धुणं व्हरांड्यात घ्यायला निरोप पाठवला. फोन आल्यावर तसंच सांगितलं, "व्हरांड्यात."

भट्टीवाल्यानं दोन दिवस विटा झाकून ठेवल्या. पाऊस पडला नाही. ताडपत्रीखाली विटांना घाम फुटला, ओल राहिली, आणि भाजताना तीन हजार विटांना तडे गेले.

त्यानं हे रागानं सांगितलं नाही. फोनवर नुसती माहिती दिली. 

"काका, माझ्या धुण्यावर विटा ठेवू नका," ती म्हणाली.

"मग कशावर ठेवू, ताई?"

बाई फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. मग तो म्हणाला, "तुम्ही धुणं सांगत जा. ठरवायचं ते मी ठरवीन. चुकलं तर माझं."

"तसं कसं? सांगितलं तर मीच ना?"

"ते मला नाही कळत," भट्टीवाला म्हणाला. "मलाही नाही," बाई म्हणाली. आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला आणि तिनं उत्तर दिलं.

वर्षभरानं साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना शब्दांत रस नव्हता. जुने साहेब निघून गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बाईनं कुणालाही न विचारता, कुठलाही आदेश नसताना, पत्रकाच्या डोक्यावर पुन्हा 'अंदाज' टाइप केलं. रेडिओवाल्यांच्या लक्षात आलं नाही. वर्तमानपत्रांच्याही नाही. साडेसातला एकट्या भट्टीवाल्याचा फोन आला.

"आज परत अंदाज?"

"हो."

"काही झालंय का?"

"नाही. शब्दच तो आहे." ती थोडी थांबली. "म्हणजे, तसा तोही नाही. पण त्यातल्या त्यात."

पुढं सात वर्षांनी बाई निवृत्त झाली. तिच्या जागी माणूस आला नाही, संगणक आला. आता पत्रकात लिहून येतं, 'पावसाची शक्यता साठ टक्के.' निवृत्तीनंतर महिनाभरानं ती मला भाजीच्या दुकानात भेटली. यजमान बरे होते, भट्टीवाल्याचा फोन आता घरी येत होता, आणि तिच्या डोक्यात नवा भुंगा शिरला होता.

"साठ टक्के म्हणजे काय हो? शहराच्या साठ टक्के भागात पडणार, का दिवसातला साठ टक्के वेळ पडणार, का साठ टक्के शास्त्रज्ञांना वाटतंय पडेल?"

मी म्हटलं, विचारून सांगतो. वर जाऊन तिघांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली, आणि देताना प्रत्येकजण दुसऱ्या दोघांना हसला. मी ती तिन्ही उत्तरं तिच्या घरी जाऊन सांगितली. तिनं वही काढून ती एकाखाली एक लिहून घेतली.

"आता भट्टीवाल्यानं विचारलं तर ह्यातलं कुठलं सांगणार?" मी विचारलं.

"तिन्ही सांगीन," ती म्हणाली. मग पेन्सिल तशीच हातात धरून बसली. "पण त्यानं उलट विचारलं, 'ते राहू दे, ताई, धुणं कुठं आहे?', तर?"